बाथरूमचा उतार

दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसले होते. शेजारी दोन बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या.

"नव्या बाथरूमचा उतारच उलटा! पाणी जाळीकडे जायचं सोडून थेट दाराकडे."

"मग फरशीवाला काय म्हणाला?"

"म्हणे, वायपरने ओढून घे. मी म्हटलं, फोड सगळं."

"आणि आला फोडायला? आमचा तर फोनसुद्धा उचलत नाही."

"जाईल कुठे? जेवायला माझ्याच हातचं लागतं त्याला. मुलगा आहे माझा!"

"अगंबाई! पोटच्या पोराला केलेलं काम फोडायला लावलंत?"

"लोकांच्या घरी नाक कापलं जाण्यापेक्षा आईच्या घरी फरशी फुटलेली बरी."

"दुसऱ्यांदा तरी जमलं ना?"

"तिसऱ्यांदा. आता या कधीही, बादली ओतून दाखवते!"