फाटकाबाहेर हात-तोंड धुतल्याबाबत

नाव: उई स्वी लान. वय ५३. व्यवसाय: वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिणे. राहणार: आयर इताम, पिनांग.

समक्ष हजर राहून सांगते की, सर्वप्रथम माझी या ठाण्यातील बाकाविरुद्ध तक्रार आहे. साथीमुळे एकाआड एक जागेवर फुली मारली आहे आणि बिनफुलीच्या जागेची फळी निखळली आहे. हे जबाबात येत नाही, असे हवालदार म्हणाले. मग त्यांनी लिहिले.

माझी आई खू गाइक हून, वय ८१, डोंगरपायथ्याच्या वृद्धाश्रमात सहा वर्षे राहत होती. साथीचा आजार झाल्याने तिला सरकारी दवाखान्यात नेले. ती बरी झाली. आता तिच्यापासून कोणाला धोका नाही, असा डॉक्टरांचा कागद घेऊन मी मंगळवारी तिला आश्रमात परत आणले.

फाटकाला कुलूप होते. संचालिका तिओबाई आतून म्हणाल्या, "चौदा दिवस बाहेर ठेव, मग बघू."

मी म्हटले, "कागद वाचा. खाट तिची आहे. बाहेर म्हणजे कुठे, झाडावर?"

"आत सव्वीस म्हातारी माणसं आहेत गं. कागद खोकत नाही, माणूस खोकतं."

मी कागद गजांतून पुढे केला.

इतक्यात आईच्या खोलीतल्या आलियान मावशींनी फाटकाखालून पपनसाची पाने घातलेल्या पाण्याचे तसराळे सरकवले. दवाखान्यातून आलेल्याने त्या पाण्याने हात-तोंड धुऊन पीडा बाहेर टाकायची आणि आत यायचे, अशी आमच्यात रीत आहे.

तिओबाई मावशींवर ओरडल्या, "तुला कोणी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला हवं? ती घरी आलीय."

आईने गाडीतून उतरून हात धुतले, तोंड धुतले, मानेलाही पाणी लावले. मग दोन्ही हात गजांतून दाखवून म्हणाली, "झालं. उघडा."

फाटक उघडले नाही. आई तशीच उभी राहिली.

माझ्या घराचे चार जिने तिला चढवत नाहीत, म्हणून बाजारातल्या लॉजवर खोली घेतली. तिथे तिने विचारले, "माझं काही धुवायचं राहिलं का गं?" मी नाही म्हटले. बुधवारी सकाळी ती उठली नाही.

मृत्यूबाबत माझा कोणावर संशय नाही. तिला परत येण्याचा हक्क होता, एवढे लिहावे.

खोलीत मरण घडूनही लॉजमालक लोह यांनी अवाक्षर काढले नाही. अशा वेळी वास्तूची पीडा जावी म्हणून मालकाला पैसे घातलेले लाल पाकीट द्यायचे असते. त्यांनी मागितले नव्हते. ते त्यांच्या टेबलावर ठेवून मी इकडे आले.

हा मजकूर मला ऐकवला. मी बोलले तसाच आहे. सही करते.