मालनच्या हातचे डोळे

माझं माहेर पुनतांब्याचं, गोदावरीच्या काठाला, आन सासर इकडं बेलापुराच्या अंगाला, म्हंजी सगळं आयुष्य एका एष्टीच्या तिकिटात मावतं बगा. नाव मथुरा. बाप दुसऱ्यांच्या पेरूच्या बागा राखायचा, गोफन घेऊन पाखरं उठवायचा, आन आमी चार बहिनी त्याच्या मागं मागं वरडत फिरायचो. शाळा चौथीपातूर. फुडं कोन घालतंय. लगीन झालं, नवरा साखर कारखान्यावर हंगामी, म्हंजी सहा महिनं काम आन सहा महिनं पारावर, मग मी नर्सरीत जायला लागले, पिशव्या भरायला. माती, शेनखत, वाळू, भर पिशवी, ठेव रांगेत, भर पिशवी, ठेव रांगेत. पाच वर्सं तेवढंच केलं मी, काय सांगू तुमाला, सपनातबी पिशव्याच भरायचे.

तिथं उस्मानचाचा म्हनून एक म्हातारे हुते, कलमं बांधायचे. बाईच्या हातात चाकू द्यायची रीत नव्हती तवा, बायांनी पिशव्या भरायच्या, पानी घालायचं, तन काढायचं. पर चाचा एक दिवशी म्हनले, मथुरा, तू काम करताना बोलत न्हाईस, ये इकडं. आन शिकवलं. मोसंबीला आमच्यात डोळा भरत्यात, तुमाला म्हाईत नसंल म्हनून सांगते. रानटी लिंबाचं रोप असतंय, त्याला खुंट म्हनायचं. त्या खुंटाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, चांगल्या मोसंबीच्या फांदीवरला एक डोळा, म्हंजी कोंब फुटायची जागा, देठासकट अलगद काढायचा, त्या चिरीत सारायचा आन वरनं पलॅश्टिकची पट्टी आवळून गुंडाळायची. मग तीन आठवडे हात लावायचा न्हाई. तीन आठवड्यानं पट्टी सोडायची, देठाला नुस्तं बोट लावायचं. देठ टपकन गळून पडला की समजायचं डोळा जिता हाय. देठ वाळून चिकटून बसला की डोळा आंधळा. चाचा म्हनायचे, डोळा भरताना वंगाळ बोलू नको पोरी, त्याला ऐकू येतं. मी हसायचे. डोळ्याला कुठं कान असत्यात, म्हनायचे.

चाचा गेले, आन त्यांच्या जागेवर मीच बसले. हे असं चाललंय तवर श्रीरामपूरनं मार्था मॅडम आल्या. त्यांची पोरींना काम शिकवायची संस्था. त्या आन आमचे नर्सरीवाले शेठ, दोघं दोन दिवस बसले, कागद केले, सह्या केल्या. ठरलं असं, की सोमवारी आन गुरवारी पोरींनी श्रीरामपुरात वर्गात बसायचं, माती, खतं, रोग हे वहीत लिवायचं, आन बाकीचे दिवस नर्सरीत येऊन हातानं शिकायचं, शेवटाला भायेरचा सायेब परीक्षा घेनार, पास झाली तिला सर्टिफिकेट, आन शेठ सोता कामाला घेनार न्हाईतर दुसऱ्या नर्सरीत लावून देनार. आन हातानं शिकवनार कोन, तर मथुराबाई. मी म्हनलं, मॅडम, मी चौथी शिकलेली. त्या म्हनल्या, मावशी, वर्गातलं आमी बघतो, तुमच्या बोटातलं आमाला येत न्हाई, तेवढं तुमी द्या. त्या दिवशी मी घरी जाऊन आरशात बघितलं वो. म्हनलं, मास्तरीन झालीस गं तू.

अकरा पोरी आल्या. त्यात एक मालन. इसेक वर्सांची आसंल, लगीन मोडून माघारी आलेली. गयाबाई तिची आई, दोघी पाटाच्या कडंला पत्र्याच्या खोलीत राहायच्या. मालन डावरी. पट्टी गुंडाळायची ती उलट्या बाजूनं, आमी सगळ्या अशा गुंडाळतो, ती अशी. मी म्हनलं, असू दे, आवळली म्हंजी झालं. पर हिचा एक डोळा लागंना. बाकीच्या पोरींचे दहातले चार, पाच, सहा लागायला लागले, हिचे सगळे आंधळे. पट्टी सोडली की काळा ठिक्कर. परत भरायची, परत काळा. रडायची न्हाई, नुस्ती त्या देठाला बोट लावून बघत बसायची. मला म्हनली हुती एकदा, मावशी, परीक्षेत पास न्हाई झाले तर भाऊ दुसरं स्थळ बघनारे, दोन पोरांचा बिजवर हाय. मी म्हनलं, मग नीट मन लाव की.

परीक्षेची ओळ प्रत्येकीला येगळी दिल्ती, शेडनेटमधी, हिरव्या जाळीखाली, चाळीस चाळीस खुंटांची, फुडं नावाची पाटी. तीन आठवड्यानं सायेब येऊन सोता पट्ट्या सोडनार. बुधवारपातूर दहा जनींच्या ओळी भरून झाल्या, हिची कोरीच. सराव करते मावशी, सराव करते म्हनून बसलेली. दुपारी मी बघितलं तर डोळकाडीवरचे, म्हंजी डोळे काढायच्या फांदीवरचे, डोळे नासून नासून ढीग केलेला. आन उन्हाचं म्हना, थकल्याचं म्हना, माझ्या तोंडातनं गेलं. मी म्हनलं, तुझ्या हाताला मरान लागलंय गं मालन, तू हात लावशील तो डोळा मिटतोय. आन तिच्या हातातला चाकू काढून घेतला, माझ्या कनवटीला खोवला. ती उठली, कपडे झटकले, गेली.

दुसऱ्या दिवशी गुरवार. पोरी श्रीरामपुरात वर्गाला, नर्सरीत मी आन भायेर पिशव्या भरनाऱ्या दोन बाया. सकाळी मी सोता पाईप धरून सगळ्या ओळींना पानी दिलं, मालनची ओळ कोरी हुती, ह्या माझ्या डोळ्यांनी बघितली, चाळीस खुंट नुस्ते. बारा वाजता बाया जेवायला चिंचंखाली गेल्या. मी शेडनेटमधीच भाकर सोडली. वारं थांबलेलं. भर दुपारी त्या जाळीत असा हिरवा उजेड पडतो, सगळं पान्याच्या तळाला असल्यागत दिसतं. आन आवाज आला, चर्र. चर्र. पट्टी फाडल्याचा. मी मान वर केली तर मालन. तिच्या ओळीपाशी उकिडवी, पाठ माझ्याकडं, कालचाच पोपटी डरेस.

मी म्हनलं, अगं, आज तुझा वर्ग न्हाई का. ती मागं न बघता म्हनली, ओळ राहिली हुती मावशी, एवढी भरून जाते. मी म्हनलं, जेवलीस का. तिनं फुडची पट्टी फाडली. मी तांब्या भरून नेला, तिच्या बाजूला ठेवला, तिनं बघितलंबी न्हाई. हात चाललेला. काय चाललेला म्हनून सांगू, उस्मानचाचाचा चालायचा तसा, चीर, डोळा, पट्टी, चीर, डोळा, पट्टी. मला वाटलं, काल बोललेलं लागलं हिला, बरं झालं. माफी मागावी असं आलं मनात, खोटं न्हाई सांगत, पर म्हनलं हातात काम हाय, नंतर बोलू. भाकरीचं फडकं झटकायला भायेर गेले, आन माघारी आले तर कोन न्हाई. तांब्या तसाच, भरलेला. ओळ फुडनं मागपातूर भरलेली. चाळीसच्या चाळीस.

चारच्या सुमाराला मार्था मॅडम आल्या, तोंड उतरलेलं. मला खुर्चीवर बसवलं. म्हनल्या, मावशी, मालन गेली. फाट्यावर टेम्पोनं उडवलं. सकाळी साडेसातला. दवाखान्यात नेईपातूर संपली हुती, वळख पटायला दुपार झाली, आत्ता कळालं. मी म्हनलं, कुनीतरी दुसरी आसंल. मालन दुपारी हितं हुती. मी त्यांना हाताला धरून ओळीपाशी नेलं. त्यांनी बघितली, म्हनल्या, तिनं काल भरली आसंल मावशी, तुमचा दिवस चुकतोय. मी म्हनलं, काल चाकू मी काढून घेतलाय, हा बगा. आन कनवटीचा चाकू काढला, पातं उघडलं, तर पात्याला वला रस, मोसंबीच्या सालीचा वास असा नाकात गेला. सकाळपासनं मी एक काडी कापली नव्हती वो. मॅडम लई हळू आवाजात म्हनल्या, तुमीच भरली आसंल ओळ, तिच्यासाठी, आन धक्क्यानं ध्यानात न्हाई. मी म्हनलं, डाव्या हातानं? पट्ट्या बगा. सगळ्या पट्ट्या उलट्या बाजूनं गुंडाळलेल्या हुत्या. मॅडम मग गळ्यातला क्रूस मुठीत धरून उभ्या राहिल्या.

बातमी काय झाकून राहती व्हय. दोन पोरींच्या घरच्यांनी पोरी काढून घेतल्या, बाकीच्या यायच्या पर त्या कोपऱ्याला जायच्या न्हाईत. शेठ म्हनले, उपटून टाकू ती ओळ, शिकवनंच बंद पडंल न्हाईतर. मॅडमनी ठाम सांगितलं, हे माझ्या पोरीचं परीक्षेचं काम हाय, तीन आठवडे कुनी हात लावायचा न्हाई. मग पानी कोन घालनार. मी. रोज. तुमाला सांगते, त्या ओळीत वाकलं की मानंला गार लागायचं. पट्टीच्या आत चाळीस डोळे मिटलेले, आन तरी वाटायचं, आतनं बघत्यात. पाईप बंद केला की मागं कुठंतरी चर्र. वळून बघायचे तर काय न्हाई, जाळी आन हिरवा उजेड. पळून जावं वाटायचं, पर मी पानी तोडलं न्हाई, एक दिवसबी न्हाई. बोललेलं माघारी घेता येत न्हाई, पानी तरी घालावं.

परीक्षेचा सायेब आला, लांबचा मानूस, त्याला कायबी म्हाईत न्हाई. यादीत नाव तसंच हुतं. एकेकीची ओळ बघत गेला, तीस लागले, सव्वीस लागले, लिवत गेला. मालनच्या ओळीपाशी आला. पट्टी सोडली, देठाला बोट लावलं, टप. दुसरी, टप. तिसरी. आमी सगळ्या मागं उभ्या, नुस्तं ते टप टप, चाळीसच्या चाळीस, आन आत डोळे हिरवेगार, फुगलेले, आत्ता उघडतील असे. सायेब म्हनला, पंचवीस वर्सं हे काम करतोय, असा हात बघितला न्हाई, कोन ही मालन, फुडं या. कुनी हललं न्हाई. एक पोरगी हुंदका द्यायला लागली. मार्था मॅडम म्हनल्या, आज ती आलेली न्हाई सायेब. त्यानं मान डोलावली, पास लिवलं, सही केली.

सर्टिफिकेट मी घेऊन गेले गयाबाईकडं. मॅडम म्हनल्या मी येते, मी म्हनलं नको, माझं मला जाऊ द्या. पाटाच्या कडंला ती पत्र्याची खोली, गयाबाई दारात गहू निवडत बसलेली. कागद तिनं घेतला, उलटा धरला, मी सुलटा केला. नावावरनं बोट फिरवलं. मग मला इचारलं, बाई, चुकल्यावर कुनी तिला बोललं बिललं तर न्हाई ना? सासरी लई बोलनी खाल्ल्यात तिनं.

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलतं. पर मी सांगितलं. मीच बोलले म्हनलं, तुझ्या हाताला मरान लागलंय असं बोलले, आदल्या दिवशी. गयाबाईचे हात सुपात थांबले. मग म्हनली, सांगितलं हुतं तिनं मला. म्हनली, आई, मावशीचं बरुबर हाय, मी उद्या वर्गाला न्हाई जात, पहिली नर्सरीत जाते, लवकर, एष्टीची वाट न बघता चालत जाते, मावशीच्या आधी जाऊन ओळ भरून ठेवते.

म्हंजी माझ्यासाठीच निघालेली ती. त्या फाट्यावर ती माझ्यामुळं आलती. मी गयाबाईचे पाय धरले. तिनं उठवलं न्हाई मला, आन ढकललंबी न्हाई. त्या दुपारी मालन मला दिसली, ते मी तिला सांगितलं न्हाई. तेवढं एक सांगायचं धाडस झालं न्हाई, अजून न्हाई, लोकांकडनं तिच्या कानावर गेलं आसंल तर ठाऊक न्हाई, तुमी लिवायचं तर लिवा.

ती रोपं इकायला मी न्हाई म्हनलं. शेठनीबी ऐकलं, नर्सरीच्या मागच्या तुकड्यात ती चाळीस झाडं लावली. आता मोठी झाल्यात, दरसाल नव्या पोरी येत्यात, मॅडमचं आन शेठचं शिकवनं बंद पडलं न्हाई, वाढलं. नव्या पोरींना पहिली डोळकाडी त्या झाडांची देतो. आन काय चमत्कार म्हना, कसाबी नवा हात असू द्या, थरथरता असू द्या, त्या झाडाचा डोळा वाया जात न्हाई, लागतोच. त्याच्यावर कितीक पोरी पास झाल्या, कामाला लागल्या, एकीनं राहाता गावात सोताची नर्सरी टाकली. मी कुनालाच वाकडं बोलत न्हाई आता, चुकू द्या, परत भर बाळा म्हनते. पोरींच्या हाताला यश येऊ दे, पायाखालचा रस्ता नीट असू दे, एवढंच मागते.

शेतकरी लांब लांबनं येत्यात त्या कलमांसाठी, नेवाशाचे, शेवगावचे, पार पाथर्डीपातूर बागा झाल्यात. कधी एष्टीनं जाते मी लेकीकडं, खिडकीतनं एखादी मोसंबीची बाग येती, आन मला कळत न्हाई ती कोनत्या झाडाची, आपली का परकी, पर मानंला तसंच गार लागतं, दुपारचं, भर उन्हात. संगं आलेली सून म्हनती, आत्या, खिडकी सोडा, हिकडं बसा. मी न्हाई उठत. बगू दे की. माझ्याकडं बघायचा मालनला हक हाय.