तारामतीची मिशी

गौरवी : सांगायचं तरी ना, बाबा! पेडण्याच्या बसमध्ये तुमची सफाचट मिशी बघितली आणि बाबुरावकाका थेट घरी आले, आजोबा गेले म्हणून भेटायला!

आजोबा : आणि दार उघडलंय मीच! बिचारो दारातच बसलो. शेवटी मीच त्याका चाय करून दिलंय.

गौरवी : लोकांचं काय चुकलं? बाप गेल्याशिवाय मिशी कोण काढतं?

बाबा : जत्रेच्या नाटकात कळतला सगळ्यांक. मिशीवाली तारामती खंय बघलंस काय?

गौरवी : माझा अख्खा वर्ग येणार आहे जत्रेला. गोव्याचं राज्य झालं, तरी आपल्या गावात पुरुषच लुगडं नेसणार! कमिटी पणजीहून बाई आणणार होती ना?

बाबा : होती. मीच म्हटलंय, अजून एक वर्स माका करूक द्या.

गौरवी : पण का?

बाबा : आवडता म्हणून.

गौरवी : एवढंच?

बाबा : ह्या काय थोडा झाला? दिवसभर कचेरीत शिक्के मारतंय. तालमीक गेलंय की जीव थाऱ्यावर येता.

गौरवी : कचेरीत हसत नाहीत?

बाबा : हसतत तर! काल सायब म्हणालो, "या तारामतीबाई, बसा."

गौरवी : मग?

बाबा : बसलंय. पदर सावरून.

आजोबा : शाबास!

गौरवी : आजोबा, तुम्ही गप्प बसा. बाबा, खरं सांगा. लाज नाही वाटत?

बाबा : वाटता गो, पडदो वर जाताना. पण लोक हसतत म्हणून सोडलंय, तर आरशात बघूची लाज वाटात. ती वायट.

गौरवी : मग मी तबला सोडला तेव्हा का नाही बोललात? मुलं "तबलजी" म्हणून चिडवायची, मी खाटेखाली ढकलून दिला.

बाबा : माझ्या बोलण्यान तुझे हात चलतत? धूळ तेवढी बसूक दिलंय नाय.

गौरवी : म्हणजे? तुम्ही पुसता तो?

आजोबा : दर आयतारी, चेडवा. गुरुदास, ता पद म्हण बघूया परत. काल तालमीत चुकत होतंस.

(बाबा पद धरतात. दुसऱ्याच ओळीला अडखळतात.)

गौरवी : लय पळतेय, बाबा.

बाबा : ठेको नाय, काय नाय. पळतलीच.

गौरवी : हातोडी कुठं ठेवलीय तबल्याची?