चमचा वाजला की वाक्य पुन्हा

—नाही, त्या खुर्चीत नको, ती सिरिलची. तुम्ही इथे माझ्याशेजारी बसा. आणि चमचा घेतलात का? साखर घेत नसलात तरी चमचा घ्यायचाच, बाई. आमच्या मंडळाचा तेवढा एकच नियम आहे. बाकी सगळं चालतं, विणकाम चालतं, डोरीनचा लिंबाचा केक चालतो—म्हणजे चालवून घ्यावा लागतो, ती आत चहा ओततेय, हळू बोलते—पण चमच्याशिवाय बसायचं नाही. सिरिल मोठ्याने वाचतो, आपण ऐकायचं, आणि एखादं वाक्य आवडलं की कपावर चमचा वाजवायचा. चमचा वाजला की ते वाक्य पुन्हा. कुणी कुरकुर करायची नाही. फक्त ज्याने वाजवला त्याने काय आवडलं ते सांगायचं, आणि नुसतं 'छान' म्हणून सुटका नाही.

'हॅरोस्टेन' ही कादंबरी तुम्ही वाचलीच नाहीये? अजिबात? अहो, मग मला तुमचा हेवा वाटतो. तीन जाडजूड खंड. गोष्ट काय म्हणाल तर—काही नाही. किल्ला आहे, खारट दलदलीत अर्धा रुतलेला. त्यात एक मुलगी आहे, किल्ल्यातले सगळे दिवे लावायचं काम तिच्याकडे, आणि शेवटचा दिवा लागेपर्यंत पहिला विझलेला असतो. झालं. ज्यांना गोष्टीची घाई आहे त्यांनी इथे येऊच नये. एका जिन्याचं वर्णन चार पानं चालतं, आणि जिना चढून कुणी वर जातच नाही. डोरीनचा नवरा एकदा आला होता, दुसऱ्या वळणावर उठून गेला तो कायमचा. पण वर्णनं अशी—थांबा, एक मला पाठ आहे—'बुरुजावर धुकं असं बसलं होतं, जसं आंधळ्या राणीच्या मांडीवर म्हातारं मांजर, दोघांनाही एकमेकांच्या उबेपलीकडचं काही नको होतं.' बघा. अंगावर काटा येतो की नाही? अशी वाक्यं भराभर वाचायची म्हणजे ख्रिसमसचं पुडिंग उभ्याउभ्या खायचं.

आणि सिरिलचा आवाज अजून तुम्ही ऐकलेला नाही. जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करत होता तो. गाडी कितीही उशिरा येवो, याच्या आवाजाला कधी घाई नाही. लोक म्हणायचे, सिरिल पार्जेटरने सांगितलं की उशीरसुद्धा बरा वाटतो. तसंच वाचतो. किल्ला कोसळतोय, कावळे ओरडताहेत, आणि हा आपला फलाट दोनवर उभा असल्यासारखा शांत.

होय, शेवटचाच खंड. शेवटचंच प्रकरण, खरं तर. तुम्ही आलात ते शेवटाला आलात, पण त्याची काळजी नको, अजून बराच वेळ आहे. मी बघते ना ते. म्हणजे—मला वाक्यं आवडतात हो, म्हणून चमचा वाजवते. हल्ली जरा जास्त आवडतात. डोरीन म्हणते, विनी, तू बसलीस की चर्चची घंटा लाजेल. तिला काय कळतंय. तिला ठाऊक आहे की सिरिलने त्याच्या मुलीला शब्द दिलाय, पुस्तक संपलं की कॅनडाला तुझ्याकडे राहायला येतो म्हणून. घरसुद्धा विकायचं ठरलंय. पण म्हणून मी वाजवते असं कुणी म्हणेल तर ते—केक घ्या ना. कडेचा तुकडा घ्या, तिथे जरा शिजलाय.

गेल्या गुरुवारी तर गंमतच झाली. 'दार बंद झालं', एवढंच वाक्य. ना धुकं, ना मांजर. आणि माझा चमचा वाजला. सिरिलने चष्म्यावरून पाहिलं. "विनी, यात काय आवडलं?" आता काय सांगणार? म्हटलं, "दार." सगळे हसले. तो नाही हसला. त्याने ते पुन्हा वाचलं, आणि काय सांगू तुम्हाला, इतकं हळू वाचलं की दार पुरतं लागलंच नाही, थोडी फट राहिली. मी पुन्हा वाजवला. त्याने पुन्हा वाचलं.

पण खरं सांगू का, मला वेगळीच काळजी लागलीय. तुम्ही नव्या आहात म्हणून बोलते, इथे कुणाला म्हणता येत नाही. त्या आधीच्या गुरुवारी त्याने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागला ते मघाचं धुकं. आंधळी राणी, मांजर, सगळं. ते आम्ही ईस्टरच्या आधीच वाचलं होतं. खुणेची फीत आहे, हिरव्या लोकरीची, मीच विणलेली, ती कितीतरी पानं मागे होती. डोरीनने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला रात्री झोप नाही. म्हटलं, विसरायला लागला बिचारा. त्याच्या मुलीला फोन करावा का, असं चाललंय डोक्यात. फोन केला तर ती उद्याच येऊन घेऊन जाईल. नाही केला तर—

काय म्हणालात? बाकी काही विसरतो का? छे. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या वेळा सांगतो. माझा वाढदिवस लक्षात ठेवतो, जो मी स्वतः विसरायचा प्रयत्न करते. डोरीनने कोणत्या केकमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं होतं, तेही.

पुस्तक? पुस्तक त्याच्याकडेच असतं. आठवडाभर घरी नेतो, शेल्फवर एकटंच ठेवतो म्हणे. दुसऱ्या कुणाचा हात कशाला लागेल त्या फितीला? मी नाही, डोरीन नाही, तिला तर—

फक्त त्याचाच.

. . .

अगं बाई.

नाही, काही नाही. चहा गरम आहे जरा. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. आणि हे बघा, आत्ता आपण जे बोललो ते काही बोललो नाही. तुम्ही मला केकबद्दल विचारलंत, मी सांगितलं. पाऊल वाजलं ना? त्याचंच, काठी उजवीकडे टेकवतो.

ये, सिरिल. या नव्या शेजारीण, दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्यात. हो, चमचा दिलाय. बस. आणि वाचण्याआधी ती फीत एकदा बघून घे, मागच्या खेपेला घाईत चुकून पुढे सरकली असेल. सरकली असली तर मागे घे. आम्हाला कुणाला घाई नाही.

काय बघतोस? ऐकलंस ते बरोबर ऐकलंस.

शू. आता बोलायचं नाही, बाई. पान मागे उलटतोय तो.