सातच तर पायऱ्या!

...आणि वर तो तिकीटवाला मलाच म्हणतो, "आजी, सातच तर पायऱ्या आहेत!" सातच? अहो, एक जरी चढता आली असती तर ही चाकाची खुर्ची मी काय हौसेनं घेऊन हिंडले असते?

तुम्हाला सांगते, तो मोठा बंगला नाही का, आता तिकीट लावून दाखवतात तो... तिथं बाराव्या वर्षापासून भांडी घासलीत मी! चांदीचे काटे-चमचे घासून घासून बोटं काळी. पण जेवणघरात पाऊल टाकायचं? नाव नको! दाराच्या फटीतून बघायचं. हे एवढं लांब टेबल, आणि टोकाला मालकीणबाई, मान अश्शी ताठ. तेव्हाच ठरवलं, मरायच्या आधी एकदा त्या टोकाला बसायचं म्हणजे बसायचं!

तर सुनेनं ढकलत नेलं. तिकीटवाला तिकीट फाडेपर्यंत गप्प हो, फाडल्यावर तोंड उघडलं! "उचलून नेऊ का? सातच तर पायऱ्या!" मी काय पोतं आहे? "मग इथंच बसा, आल्बम देतो. आतलं सगळं आहे त्यात." आल्बम! अरे मेल्या, भुकेल्याला जेवणाचा फोटो दाखवतोस? सून कानाशी, "आई, जाऊ द्या ना, लोक बघतायत." म्हटलं, बघू दे की, मला बघायला तिकीट नाही!

आणि डोक्यात उजेड पडला. घराच्या वाटा मालकापेक्षा मोलकरणीला जास्त ठाऊक! मागं सरपणाचा गाडा चढवायला उतार होता, रोज दोन खेपा माझ्याच. म्हटलं, "सूनबाई, वळव गाडी!" गेलो तर उतार जागच्या जागी... वर कुंड्या मांडलेल्या, शोभेला! सुनेनं इकडंतिकडं बघितलं, पदर खोचला आणि सरकवल्या की हो सगळ्या! भित्री म्हणत होते मी तिला...

मागचं दार उघडंच, स्वयंपाकघरातून थेट जेवणघर. मालकीणबाईंची खुर्ची काचेच्या पेटीत, टेबलाचं टोक रिकामं! वर पाटी. चौथी शिकलेय, अक्षर लावून वाचली, 'खुर्च्यांवर बसू नये'. बसतंय कोण? मी माझी घरून आणलीय!

लागले टोकाला. मान अश्शी ताठ. तेवढ्यात माहिती सांगणारी बाई घोळका घेऊन आली, "आणि इथं घरची मालकीण बसायची..." आणि तोंड उघडंच! मी म्हटलं, "या, या, उभे का? जेवूनच जा!" घोळका हसतोय, ही लालबुंद, "आजी, तुम्ही आत आलात कशा? त्या पायऱ्या...?"

"सातच तर आहेत गं!"

पण खरं सांगू? निघताना पुन्हा मागचंच दार. साठ वर्षांत बंगल्याचे मालक बदलले, रंग बदलला, माझी वाट तीच... तेव्हा गाडा मी ढकलायचे, आता गाड्यात मी. चला, बढतीच म्हणायची!