खाटेवरून खाली

चेन्नईतल्या तुरुंगाबाहेर भेटीच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. लेक आत आजारी असलेल्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांसाठीचा फॉर्म भरत होती.

"अम्मा, अप्पांना शेवटी घरी सोडणार नाहीत. तुरुंगाचा दवाखानाच लिहिते."

"लिही. पण जीव जाताना खाटेवरून खाली घ्या, हेही लिही."

"तसा रकानाच नाही."

"मग कडेला लिही. आपल्यात खाटेवर जीव जाऊ देत नाहीत."

"पाय बेडीनं खाटेला बांधलेला असतो, अम्मा."

"म्हणून तर आत्ताच सांगायचं. बेडी काढायला त्यांना वेळ लागेल."

"साहेब नाही म्हणाले तर?"

"मी बोलते. अकरा वर्षांत काही मागितलं नाही त्यांच्याकडं."

"बरं. खाली एक चटई, लिहिलं."

"दोन लिही."

"तुझे गुडघे बघ, अम्मा! खाली बसलीस तर उठशील कशी?"

"तेव्हा उठायची घाई कुणाला असणार आहे?"