पालथी घातलेली नाव

मंडळी, मला एक सांगा — निकाल मनाविरुद्ध गेला, की माणूस काय काय करतो? अं? हसू नका! ज्यांच्या केसी चालू आहेत, त्यांनी तर अजिबात हसू नका!

ऐका. एका मोठ्या राज्याच्या टोकाला नदीकाठचा प्रांत. सुभेदार हैबतराव. नदी ओलांडायची नाव सरकारी, पण वेशीबाहेरच्यांना तिच्यात पाऊल ठेवायची बंदी! धुरपाबाई वेशीबाहेरची. तिची लेक पैलतीरी बाळंत झालेली, नातवाचं तोंड बघायचं राहिलेलं! बाई चालत राजधानीला गेली, मोठ्या न्यायाधीशापुढं उभी राहिली. निकाल लागला — नाव सगळ्यांची!

हैबतराव म्हणाले, "राजधानीचा न्याय राजधानीत! माझ्या प्रांतात लागू नाही!" वरून हुकूम आला — लागू आहे! मग काय केलं असेल? नावच ओढून काठावर पालथी घातली! "आता कुणीच जायचं नाही. झाले ना सगळे सारखे?" वा रे सुभेदार!

पण रागाच्या भरात एक विसरले — त्यांच्या लेकीचं, अंबूचं, ठरलेलं सासर पैलतीरीच! लग्नाच्या दिवशी पलीकडं ताशे वाजतायत, नवरदेव घोड्यावर, घोडा काही पाण्यात उतरेना! "सोडा नाव!" सुभेदार ओरडले. नाव पाण्यात गेली — आणि आधी कोण बसलं? धुरपाबाई! नातवासाठी शिवलेली कुंची पोटाशी धरून!

"उतर खाली!"

"नाही उतरायची, सरकार. तुमीच म्हणला व्हता — सगळे सारखे."

"मग नाव बंद!"

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली अंबू घाटावर आली. "आबा, उद्यापासून मी त्या तीरावर नांदायची. नाव बंद, मग माझ्या बाळंतपणाला आई कशी येणार?"

मंडळी! नदी केवढी रुंद आहे, ते हैबतरावांना त्या दिवशी कळलं. डोळे भरून आले. नावाड्याला म्हणाले, "बाईंना आधी पोचव." बाईंना, बरं का!

नाव पलीकडं लागली. ताटकळलेल्या वऱ्हाडातून वाट काढत धुरपाबाई लेकीच्या घराकडं पळाली! वऱ्हाड अलीकडं आलं, अक्षता पडल्या. नाव पुन्हा कधी पालथी पडली नाही.

आता आपलं बघू. कोर्ट म्हणालं, हापसा सगळ्यांचा — दुसऱ्या दिवशी हापसा नादुरुस्त! रस्ता सगळ्यांचा — तर मधोमध कडब्याची गंज! का हो, खाली का बघता? सुभेदाराला जमलं, ते तुम्हाला नाही जमणार? जमेल! उद्या सकाळी ती गंज हलवू. मी फेटा काढून येतो हात लावायला. आधी रस्ता मोकळा करू, आणि मग तिथंच उभं राहून करू देवाच्या नावाचा गजर!